सध्या तुम्ही कोणतं पुस्तक वाचत आहात, ते कसं वाटतंय आणि तुमची वाचायची पद्धत काय आहे?

सध्या दोन पुस्तकं चालू आहेत. एक इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आणि दुसरी उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी. पहिलं मी मोठ्याने वाचते, दुसरी मनात. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुस्तक हातात घेतलं की दहा-बारा पानांत मन उडतं आणि मग ते उशाशी पडून राहतं. म्हणून नुसती नावं सांगून थांबत नाही, आमच्या घरी वाचन कसं चालतं तेही सांगते.

आमच्या घरी मोठ्याने वाचन सुरू झालं ते सासूबाईंसाठी. आम्ही त्यांना माई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. डोळ्यांच्या मागच्या पडद्याची झीज झाल्यामुळे समोर कोण उभं आहे ते त्यांना कळतं, पण अक्षर लागत नाही. लग्न होऊन चिपळूणला आल्यापासून त्या इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या पुस्तकांवर वाढल्या. १८६४ सालची ही संस्था. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैतल्या पुराचं पाणी तिने अंगावर घेतलं, आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली. एकविसाच्या पुरात आमच्या घरातलंही खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलं. तेव्हापासून मी पुस्तकं विकत कमी घेते आणि वाचनालयातून जास्त आणते. परत करायची तारीख डोक्यावर असली की वाचनही नेटाने होतं, हा त्यातला फायदा.

तर माईंना वाचता येईना. आधी मुलीने मोबाईलवर ऑडिओबुक लावून दिली. वाचणाऱ्यांचे आवाज छान होते, उच्चार स्वच्छ. पण माई आठवड्याभरात कंटाळल्या. त्यांना मध्येच थांबवायचं असतं, "हे पुन्हा वाच" म्हणायचं असतं आणि मुख्य म्हणजे वाद घालायचा असतो. मोबाईल काही वाद घालत नाही. मग दिवेलागणीनंतर, कुकर चढवून झाला की अर्धा-पाऊण तास मी वाचायला बसू लागले. मी नसले तर मुलगी वाचते, कधी माझा नवरा. तो सगळी पात्रं एकाच सुरात वाचतो, तरी माईंना चालतं.

खरं तर हे काही नवीन नव्हे. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावायची पद्धत होतीच. माईंच्या माहेरी, गुहागरच्या बाजूला, त्यांचे वडील ओटीवर बसून श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' वाचायचे. बायका आत माजघरात वाती वळत ऐकायच्या. 'हरिविजय', 'रामविजय', 'शिवलीलामृत' हे सगळं माईंच्या पिढीला आधी कानांवाटे मिळालं, डोळ्यांवाटे नंतर. आजही एखादी ओवी अर्धी म्हटली की त्या पुढची पुरी करतात. छापलेलं गद्य पुस्तकही असंच चारचौघांत वाचायचं असतं, ही सवय मात्र आपण सोडून दिली. माझ्या मते मराठी वाचनाचं त्यात मोठं नुकसान झालंय. मनातल्या मनात वाचताना डोळे पळतात. वर्णन आलं की चार ओळी गळतात, संवाद आला की आपण धावत पुढे जातो. मोठ्याने वाचताना पळता येत नाही. लेखकाने वाक्य जिथे थांबवलंय तिथेच थांबावं लागतं, आणि कुठलं वाक्य जिवंत आहे, कुठलं नुसतं भरतीचं आहे, हे जिभेला लगेच कळतं.

याची पहिली खूण पटली लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने. १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आलेलं हे आत्मचरित्र मी कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा चांगलं वाटलं होतं, इतकंच. माईंसमोर वाचायला घेतलं आणि पहिल्या प्रकरणापासून पुस्तकाचा आवाजच वेगळा लागला. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून. त्यामुळे त्यांच्या वाक्याला ग्रांथिक वळण नाही. समोर बसून बाई सांगतेय आणि आपण हं, हं करतोय, अशी ती वाक्यं आहेत. आजोबांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली आणि त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, तिथून गोष्ट सुरू होते. घरात येणारी वस्तू धुऊनच आत यायची, आणि त्या धुण्यापायी बायकामुलांचे काय हाल व्हायचे, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. माई पोट धरून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "हसतेय खरी, पण त्या आईचं काय झालं असेल गं?" ती आई लक्ष्मीबाईंनी मोजक्या ओळींत उभी केली आहे. मनात वाचताना माझ्या ती लक्षातही आली नव्हती.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर नवऱ्यापासून दूर काढलेली वर्षं, नातेवाइकांचा धाक, आणि मग जातपात देवाने केलेली नाही हे लक्ष्मीबाईंना एका रात्री विचार करता करता स्वतःच्या बुद्धीने उमगणं, हा भाग आम्ही दोनदा वाचला. कुणाचं व्याख्यान ऐकून नव्हे, कुठला ग्रंथ वाचून नव्हे. एका बाईने स्वतःशी केलेला विचार इतक्या साध्या मराठीत दुसरीकडे क्वचितच आला असेल. तुम्हाला एकच पुस्तक सुचवायचं तर मी हेच सुचवीन. फक्त घेताना पाहून घ्या, संक्षिप्त आवृत्तीही बाजारात मिळते. ती घेऊ नका. या पुस्तकाचा जीव बारीकसारीक हकिकतींत आहे आणि कात्री नेमकी त्यांनाच लागते.

आता 'युगान्त'. १९६७ चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, बर्लिनला डॉक्टरेट केलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या. महाभारतातल्या माणसांकडे त्या देव किंवा दैत्य म्हणून पाहत नाहीत. एका काळातली, एका कुळातली, काही नियम पाळणारी आणि काही मोडणारी माणसं म्हणून पाहतात. त्यांनी आधार धरला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या संशोधित आवृत्तीचा. हे काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून मिळवलेली हस्तलिखितं ओळीला ओळ लावून ताडून पाहायची, मागाहून आलेलं वाटतं ते बाजूला काढायचं आणि तळटीपांत जपून ठेवायचं, असं जवळजवळ अर्ध्या शतकाचं काम.

आमच्या घरात वाद सुरू झाला तो इथेच. माईंचं महाभारत 'पांडवप्रताप'चं. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी कृष्ण धावून येतो. संशोधित आवृत्तीत द्रौपदीच्या अंगावर वस्त्रामागून वस्त्र येत राहतं, पण ती कृष्णाचा धावा करते ते श्लोक मूळ संहितेत धरलेले नाहीत. स्वयंवरात द्रौपदी सूतपुत्राला वरणार नाही म्हणते, तेही तिथे नाही. माई चिडल्याच. "मग आमच्या श्रीधरस्वामींनी काय खोटं लिहिलं?" त्या संध्याकाळी पान उलटलंच नाही. मी त्यांना म्हटलं, माई, खोटं नाही. शेकडो वर्षं लोकांनी ही गोष्ट ऐकली आणि भरल्या सभेत ती बाई एकटी उभी आहे हे त्यांना सोसेना, म्हणून कुणीतरी कृष्णाला तिथे पाठवलं. माईंना ते पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुस्तक पुढे वाचायला त्यांनीच सांगितलं.

गांधारीवरचा लेख वाचायला मी कचरत होते. त्यात म्हातारपणी वनात गेलेले धृतराष्ट्र आणि गांधारी बोलत बसले आहेत, आणि आयुष्यभर बांधलेली पट्टी गांधारी अखेर सोडते, असा प्रसंग इरावतीबाईंनी कल्पनेने रंगवला आहे. दृष्टी गेलेल्या बाईसमोर हे कसं वाचायचं, असं माझ्या मनात आलं. माईंनी शांतपणे ऐकलं आणि मग फाडकन म्हणाल्या, "हिला धडधाकट डोळे होते आणि शंभर पोरं होती. एकाचं तरी तोंड बघायला पट्टी सोडायची होती. मला कुणी आज अक्षरं दाखवली तर मी एक क्षण बांधून ठेवणार नाही." समीक्षेची पुस्तकं मी थोडीफार वाचली आहेत. गांधारीबद्दल इतकं थेट मत त्यांत मला सापडलं नाही.

आता माझं मत. 'युगान्त'मधले सगळे लेख सारख्या ताकदीचे नाहीत. भीष्मावरचा 'शेवटचा प्रयत्न' मला सर्वांत मोठा वाटतो. ज्याने स्वतःसाठी काही घ्यायचं नाही म्हटलं, त्याने इतरांच्या, विशेषतः त्या घरात आणलेल्या मुलींच्या आयुष्याचं काय केलं, याचा हिशेब इरावतीबाई एखाद्या घरच्या माणसाच्या अधिकाराने मांडतात. आणि तेवढ्यावर न थांबता, म्हाताऱ्याने सेनापतिपद का घेतलं असेल याचा त्यांनी लावलेला अर्थ भीष्माला पुन्हा माणसांत आणतो. खांडववनाच्या दहनाबद्दल त्या लिहितात तेव्हा त्यांचा संताप लपत नाही. जीव वाचवून बाहेर पळणाऱ्या प्राण्यांनाही कृष्ण-अर्जुन परत आगीत लोटतात. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगराला वणवे लागतात. रात्री घाटाच्या अंगाला लाल रेघा दिसतात, सकाळी अंगणात राख पडलेली असते. ते पाहणाऱ्या माणसाला हा लेख वाचताना टीप लागत नाही.

द्रौपदीवरच्या लेखात मात्र मी इरावतीबाईंशी सहमत नाही, आणि हे लिहिताना मी पुस्तक पुन्हा उघडून तो भाग पाहिला आहे. त्यांचं म्हणणं असं की, सभेत द्रौपदीने कायद्याचा प्रश्न विचारायला नको होता. आधी स्वतःला हरलेल्या नवऱ्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का, असा पंडिती वाद घालण्यापेक्षा तिने क्षत्रियधर्माच्या नावाने नुसती आर्त हाक द्यायला हवी होती. मला हे पटत नाही. दयेची हाक त्या सभेने सहज कानांआड केली असती. प्रश्न मात्र सभेला आड करता आला नाही. भीष्मासारखा माणूस धर्म सूक्ष्म आहे म्हणून गप्प बसला, विकर्ण उठून तिच्या बाजूने बोलला, त्याला कर्णाने झापलं. हे सगळं तिच्या प्रश्नामुळे घडलं. मी कचेरीत काम करते. आपला मुद्दा नियमाला धरून मांडणाऱ्या बाईला 'फार शहाणी' म्हणतात, हे मी रोज पाहते. मानववंशशास्त्रात स्वतःची वाट काढणाऱ्या इरावतीबाईंनी द्रौपदीला त्याच कारणासाठी बोल लावावा, याचं मला वाईट वाटतं. त्याच लेखाच्या शेवटी भीम आणि द्रौपदी यांच्यामधला जो अखेरचा क्षण त्यांनी लिहिला आहे, तो मात्र इतका सुंदर आहे की माझा आवाज वाचताना दाटला. हे मूळ महाभारतात नाही, आपल्या मनातलं आहे, हे त्या लपवत नाहीत, तेही मला आवडलं.

कर्णावरून आमच्याकडे अजून तंटा मिटलेला नाही. गंमत अशी की शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' हीसुद्धा १९६७ सालचीच. एकाच वर्षी मराठीला दोन कर्ण मिळाले. सावंतांचा कर्ण तेजस्वी आणि जगाने नाडलेला. इरावतीबाईंचा कर्ण 'मी कोण?' या एका प्रश्नात अडकून हातचं सगळं घालवणारा. वनवासातल्या पांडवांना हिणवायला कौरव गेले त्या घोषयात्रेत गंधर्वांसमोरून तो पळाला, हे बाई विसरू देत नाहीत. माझा नवरा 'मृत्युंजय'वर पोसलेला. तो दोन दिवस घुमसत होता. मला इरावतीबाईंचा कर्ण जास्त खरा वाटतो, पण 'मृत्युंजय'ने महाराष्ट्रातल्या किती घरांत पहिल्यांदा जाड पुस्तक नेलं असेल याचीही मला जाण आहे. ते पुस्तक मी कधीच कमी लेखणार नाही.

'धग' मी जेवणाच्या सुट्टीत कचेरीत वाचते. १९६० ची कादंबरी. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. आम्हा कोकणातल्या लोकांना ती बोली मनात वाचतानाही अडते. आमच्या कचेरीत अमरावतीकडून बदली होऊन आलेली एक मैत्रीण आहे. तिला दोन पानं वाचायला दिली. तिने डबा बाजूला सारून कौतिक आणि तिच्या नवऱ्याचं, महादेवाचं, बोलणं आपल्या सुरात वाचून दाखवलं. मला जे नुसतं गाऱ्हाणं वाटत होतं, त्यात टोमणा होता, माया होती, धमकीही होती. हे तिच्या सुरातून कळलं. आता मी तोच सूर मनात धरून वाचते. अजून निम्म्यावर आहे, म्हणून अखेरचं मत देत नाही. आत्तापर्यंतचं सांगायचं तर, कौतिक ही नुसती सोसणारी बाई नाही. नवऱ्याने आपल्या पायावर उभं राहावं म्हणून ती हट्टाने डाव मांडते, कधी तिचा हट्ट घराला नडतोही. शेळक्यांनी तिला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही आणि तिची कीवही केलेली नाही. दारिद्र्यावरच्या पुष्कळ कथा-कादंबऱ्या वाचकाकडून डोळ्यांत पाणी मागतात. 'धग' ते मागत नाही, म्हणून ती जास्त भाजते.

सगळीच पुस्तकं मोठ्याने वाचायची नसतात, हेही सांगायला हवं. कविता माई ऐकतात, पण बहुतेक नवी मुक्तछंदातली कविता त्यांना पानावर दिसायला हवी असते आणि ते आता होत नाही. माहितीची, आकडेवारीची पुस्तकं ऐकताना निसटतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ऐकायला फार गोड. वाक्यं छोटी, दम लागत नाही. दिवाळीनंतर महिना-दोन महिने आमचा सगळा क्रम मोडतो. वाचनालयात एकरकमी वर्गणी भरली की दिवाळी अंक आळीपाळीने मिळतात, आणि एका बैठकीत एक कथा पुरी होते, त्यामुळे माई खूश असतात. १९०९ मध्ये 'मनोरंजन'कार काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी पहिला दिवाळी अंक काढला, तो पायंडा एका शतकानंतरही टिकलाय याचा मला मनापासून अभिमान आहे. पण अलीकडे अंकांतल्या कथा लांबट होत चालल्यात. पहिली दोन पानं पाऊस, खिडकी आणि चहा यांत जातात. ऐकणारा माणूस तोवर "पुढे काय झालं?" विचारतो.

तुमच्या अडचणीबद्दल. दहा पानांत मन उडतं म्हणजे तुम्ही वाचक नाही, असं बिलकूल समजू नका. बहुधा तुम्ही एकटे वाचताय आणि वाचलेलं कुणाला सांगत नाही. घरात कुणी ऐकणारं असेल, आजी, धाकटा भाऊ, बायको, नवरा, कुणीही, तर रोज पंधरा मिनिटं त्यांना वाचून दाखवा. पुस्तक लहान प्रकरणांचं घ्या. एक प्रकरण म्हणजे एक बैठक. ऐकणाऱ्याने मध्ये बोललं तर चिडू नका. पुस्तकात रस टिकतो तो त्या बोलण्यामुळे. कुणीच नसेल तर फोनवर वाचा. माझी नणंद इंदूरला असते, रविवारी ती स्पीकरवर आमच्यात येऊन बसते, आणि भीष्माची बाजू घेणारी घरात ती एकटीच आहे.

आणि पुस्तकाबद्दलचं मत पुस्तक संपायची वाट पाहत ठेवू नका. अर्ध्यात जे वाटतं ते तेव्हाच बोला. पुढे ते बदललं तर बदलू द्या. पाच तारे की तीन, हे ठरवून काही हाती लागत नाही. अमुक पानावर मला राग आला, तमुक ठिकाणी मी थांबले, एवढं सांगितलं तरी समोरचा पुस्तक उघडतो.

'युगान्त'नंतर काय, ते माईंनी ठरवून टाकलंय. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीशी त्यांना राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. हे तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी काढते. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं, पण त्यांनी भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती नंतर निघाली. आम्हाला ती मूळ संहिताच वाचायची आहे. वाचनालयात नाव नोंदवून ठेवलंय, आधी कुणीतरी नेलीय. तुम्ही 'स्मृतिचित्रे' सुरू केलंत तर कुणाला वाचून दाखवताय आणि ते मध्येच काय बोलले, तेवढं इथे नक्की लिहा.